चाळीस फूट नळी

पाण्याचं मशीन बसवायला काय काय लागतं असं कुणी विचारलं, की मी सांगायचो: एक ड्रिल, एक धारदार ब्लेड, टेफ्लॉनची टेप आणि आडनाव. पहिल्या तीन वस्तू दुकानातून मिळायच्या. चौथी ज्याची त्यानं घरून आणायची असते. मी माझी आणली होती, पण ती काही काही घरांत बसत नव्हती.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. पाबळला राहून मी वर्षभर वायरिंग, वेल्डिंग, प्लंबिंग असलं हाताचं काम शिकलो आणि शिरूरला एका शेठच्या दुकानात फिटर म्हणून लागलो. दुकान मुळात मोटारींचं आणि पीव्हीसी पाइपांचं. पण आमच्या भागात बोअर खोल खोल गेले आणि पाणी असं यायला लागलं, की चहावर पांढरा तवंग धरायचा आणि तुरीची डाळ चार शिट्ट्या खाऊनही जशी आत गेली तशीच बाहेर यायची. मुतखडा तर घरटी एक. मग ज्याच्या दारात चारचाकी त्याच्या घरात आरओ मशीन, असं ठरूनच गेलं. शेठनं शोकेसमधल्या मोटारी मागं सारल्या आणि पांढरीशुभ्र मशीनं पुढं मांडली.

कामात अवघड काही नव्हतं. तरी फार अवघड आहे असा चेहरा करून मी ते करायचो, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्यासाठी माणूस कशाला बोलावला? करंगळीपेक्षा बारीक पांढरी नळी. ती ब्लेडनं सरळ कापायची; तिरकी कापली की गळणार. मग फिटिंगच्या तोंडात ढकलायची. एकदा अडते, तिथं थांबायचं नाही. अजून जोर लावला की आतल्या रबराच्या पलीकडं जाते. मग उलटी ओढून बघायची, सुटली नाही तर बसली. आणि ह्या सगळ्याच्या आधी नळी तोंडात धरून जोरात फुंकायची, म्हणजे आत प्लास्टिकचा भुसा असला तर उडून जातो. असं कुठं लिहिलेलं नसतं, पण मी पाहिलेले सगळे फिटर फुंकायचे. तालुक्यातल्या भल्या भल्या सोवळ्या घरांच्या पाण्यात माझी फुंकर आहे. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कशाला सांगतोय!

शेठचा एक नियम होता. मशीन चालू झालं, सुरुवातीचं पाणी सोडून दिलं, की पहिला पेला फिटरनं प्यायचा. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरच्या पेल्यानं, चांगला घटाघटा. "आपण प्यालो की त्येची भीती मोडती," शेठ म्हणायचा. मग गिऱ्हाईक प्यायचं, "गोड हाय की!" म्हणायचं आणि कार्डावर 'काम समाधानकारक' ह्या शब्दांखाली सही करायचं. शेठ हुशार माणूस, पण नियम करताना त्याच्या डोक्यात माझ्यासारखा फिटर नसावा.

आता आमच्याकडं जात कुणी विचारत नाही बरं का. छे छे, आम्ही सुधारलेली माणसं. आम्ही गाव विचारतो.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

"इनामगाव."

"आरं वा! इनामगावात कुनाच्यातलं?"

"घर जरा कडंला हाय आमचं."

"कडंला म्हंजी? नदीकडं का शाळंकडं?"

ह्या इनामगावात जमिनीखालून हजारो वर्षांपूर्वीची माणसं निघाली, त्यांच्या चुली निघाल्या, रांजण निघाले. मोठमोठे विद्वान येऊन खरवडून बघून गेले, पण त्या माणसांची जात काही कुणाला लागली नाही. सुटली बिचारी. मी मेलेला नसल्यामुळं माझी पाच मिनिटांत लागायची. मग "न्हाई, सहज इचारलं" असं म्हणून आत काहीतरी सांगितलं जायचं. ओट्यावरचा स्टीलचा पेला जायचा आणि लग्नातून उरलेला प्लास्टिकचा ग्लास यायचा. मी पण काही कमी नव्हतो. त्याच ग्लासानं घटाघटा प्यायचो, सही घ्यायचो आणि एसटीत बसल्यावर शिव्या द्यायचो. एकूण बरं चाललं होतं.

अशात यवतजवळच्या एका बागायतदाराची ऑर्डर आली. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. ऊस भरपूर, बंगला नवा, गावच्या सोसायटीत संचालक. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, मुतखड्याचा त्रास होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी पाणी बदला. मशीन टेम्पोनं पुढं गेलं. मी शिरूरहून न्हावऱ्यावरनं चौफुल्याला, तिथनं दुसऱ्या एसटीनं यवतला, आणि तिथनं डोक्यावर ऊन घेत पायी.

आप्पा पडवीत झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. गाव विचारून झालं, आणि नदीकडं का शाळंकडं सुरू झालं. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणालो, "आप्पा, बौद्ध हाय मी. मशीन कुठं बसवायचं?"

अडकित्ता थांबला.

"आरं, मी कुठं इचारलं? आमच्यात तसलं काय न्हाई. माझ्या रानात तुमचीच मानसं हायेत कामाला."

रानात आहेत ह्याबद्दल मला शंका नव्हतीच. आप्पांनी सुपारीचं खांड गालात सारलं आणि म्हणाले, "असं कर, मशीन हितं पडवीतच बसव."

"पाणी किचनमधी लागणार ना, आप्पा?"

"मग नळी ने की आत! नळीला काय, कुठंबी जाती."

बरोबर होतं. नळीला कुणाची हरकत नव्हती. मोजली तर चाळीस फूट भरली. पडवीतून निघायची, पश्चिमेच्या भिंतीवरून भर उन्हातून जायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून आत शिरायची. मी म्हणालो, आप्पा, एवढी लांब नको, आणि उन्हात तर मुळीच नको, पाणी खराब होतं. आप्पा हसले. "दोन मैलावरनं पाइपलाइन आणलीया मी रानात. तू मला करंगळीएवढ्या नळीचं सांगतो व्हय?" शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण संचालकाला तो पण नाही.

नळी फुंकायची तर होतीच. चाळीस फूट फुंकताना छाती फुटायची वेळ आली. माझा श्वास पार त्यांच्या सिंकपर्यंत जाऊन पोचला आणि मी राहिलो खिडकीबाहेर. आतलं काम आप्पा स्वतः करणार होते. मी गजांतून नळी सरकवतोय, ते आतून ओढतायत, मागं कुठंतरी काकींच्या बांगड्या वाजतायत, असा आमचा कारभार. नळी हातभर जास्त झाली. मी गजांतून ब्लेड पुढं केलं.

"ऱ्हाऊ दे, हाय माझ्याकडं," म्हणत आप्पांनी अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी कच्चकन नळी कातरली. तिरकी.

"सरळ कापा आप्पा! आणि ढकलताना एकदा अडती, मग अजून जोर लावायचा."

"गेली."

"ओढून बघा की जरा."

"आरं, गेली म्हनतो ना! सोसायटी चालवतो मी."

सोसायटी चालवणाऱ्यापुढं नळीनं तरी काय बोलायचं? नळ सुरू झाला. आप्पांनी आतल्या आत पेला भरला, प्याले आणि गजांतून मला ओरडून सांगितलं, "गोड हाय!"

"आप्पा, पहिला पेला मी प्यायचा असतो. दुकानाचा नियम हाय."

आप्पांनी क्षणभर विचार केला. मग त्यांना सुचलं. "ती दुसरी नळी वाहतीया की पडवीत. तितं ओंजळ लाव. फिल्टरचंच हाय त्ये बी."

ती दुसरी नळी म्हणजे मशीननं नको म्हणून बाहेर टाकलेलं पाणी. ज्या क्षारांनी काकींना मुतखडा झाला ते सगळे क्षार त्यात गोळा होऊन येतात. हे मी आप्पांना शांतपणे समजावून सांगितलं. माझा एवढा शांतपणा मला स्वतःलाही माहीत नव्हता.

"असं व्हय?" आप्पा म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे." आणि कार्डावर झोकदार सही केली.

तीन आठवडे गेले. उन्हानं नळीत हिरवं शेवाळ धरलं. पाणी असं तापून यायचं की आंघोळीला घ्यावं. आणि एका दुपारी ती तिरकी कातरलेली नळी फिटिंगमधून सटकली आणि काकींचं स्वयंपाकघर पाण्यानं भरलं. वर्षाचे पापड गेले. आप्पांचा दुकानावर फोन आला: पोरगं बिनकामाचं धाडलंत, मशीन उचला.

शेठला मी खिडकीची सगळी कथा सांगितली. त्यानं ती मान हलवत ऐकली आणि म्हणाला, "पण तुला सांगायला कुणी सांगितलं हुतं? दुसरं आडनाव ठोकून द्यायचं. हाय काय आन् न्हाई काय!"

"माझं मला हाय की आडनाव."

"मग घिऊन बस. उद्या यवतला जा, मशीन नीट कर, आप्पाची सही आण. सही न्हाई आली तर परवापासनं येऊ नगंस."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी तिथल्या तिथं पान्हा टाकून निघून गेलो असतो, पण घरी आई होती. आई इनामगावला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. वीस-बावीस वर्षं वाकून वाकून तिची कंबर गेली होती. माझ्या नोकरीच्या जोरावर तिनं नुकतंच खुरपं ठेवलं होतं, आणि एसटीत शेजारी बसेल त्या बाईला "माझा ल्योक पान्याचा इंजिनेर हाय" असं सांगत फिरत होती. नोकरी गेली असती तर दुसऱ्या दिवशी ती काही न बोलता पुन्हा सरीत जाऊन बसली असती. मला ते बघवलं नसतं. म्हणून गेलो.

यवतला पोचलो तर आप्पा मीटिंगला गेलेले. पडवीत काकी एकट्या, कमरेला हात लावून भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"कळ काय ऱ्हात न्हाई बघ," त्या म्हणाल्या. "मशीन बंद पडल्यापासनं पुन्यांदा त्येच बोअरचं पानी पितीया."

"काकी, खरं सांगू का? मशीन आत बसवल्याबिगर हे नीट चालायचं न्हाई. चार फूट नळीचं काम हाय, चाळीस फुटांचं न्हाई."

त्यांनी फाटकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग बसव की."

"मी येऊ आत?"

"न्हाईतर मशीन काय पायानं चालत जानार हाय?"

चपला काढल्या आणि मशीन उचलून आत गेलो. आत काय असेल असं मला वाटत होतं कोण जाणे! आपल्याला आयुष्यभर ज्या दाराशी थोपवतात, त्या दारामागं निदान काहीतरी बघण्यासारखं असावं की नाही? तेलाचा डबा होता. मिसळणाचा डबा होता. ओट्याखाली कांदे होते, त्यातल्या दोनांना कोंब आले होते. कोपऱ्यात देव होते, ते काही बोलले नाहीत.

तासाभरात काम उरकलं. मशीन सिंकखाली ठेवलं, नळी सरळ कापली, दाबून बसवली, ओढून बघितली. सुरुवातीचं पाणी सोडून दिलं. मी ड्रिल पिशवीत भरत होतो, तेवढ्यात काकींनी मांडणीवरून स्टीलचा पेला काढला. त्यावर आप्पांचं नाव कोरलेलं होतं. तो त्यांनी भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी. पैला पेला तुमी प्यायाचा असतो ना? त्या दिशी ऐकलं मी."

मी प्यालो. तोंड लावून, सगळा. काकींनी तोच पेला माझ्या हातातून घेतला, विसळला नाही, काही नाही, तसाच नळाखाली धरला आणि दोन पेले पाणी एका दमात प्याल्या. "गोड हाय बाबा," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मी काही लगेच रडणारा माणूस नाही, पण तिथं सिंकपाशी उभं राहून मला रडावंसं वाटलं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. काकींनी मागच्या दाराकडं बघितलं. मी पिशवी उचलली, मागच्या दारानं निघालो आणि बंगल्याला वळसा घालून पुढं पडवीत येऊन उभा राहिलो. कुणी ढकललं नव्हतं. माझा मीच गेलो.

आप्पांबरोबर त्यांच्या भावकीतली तिघं होती. पडवीतली रिकामी जागा सगळ्यांनाच दिसली. आप्पांनी आत डोकावून बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. तिघांतला एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "मशीन आत गेलं वाटतं. ह्यो गेला हुता काय आत?" आणि वर म्हणाला, "न्हाई, सहज इचारलं."

आप्पा माझ्याकडं बघत होते. त्या माणसाला मी त्याआधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सोसायटी, ऊस, दोन मैलांची पाइपलाइन, सगळं त्या तिघांपुढं लटपटत उभं होतं. काकी दारात आल्या होत्या आणि पेला त्यांच्या हातातच होता. माझ्या खिशात कोरं कार्ड होतं. एक शब्द पुरला असता. 'गेलो होतो' म्हणायचं. खरं होतं, चोरी नव्हती, त्या घरच्या मालकिणीनं बोलावलं होतं. एरवी एवढी चुरूचुरू चालणारी माझी जीभ, म्हटलं आज काय बोलते बघू.

"न्हाई," मी म्हणालो. "मशीन काकींनीच आत ठिवलं. मी खिडकीतनं सांगत हुतो."

"त्येच म्हनतो मी!" आप्पा मोठ्यानं म्हणाले. मुतखड्याच्या बाईनं मशीन कसं उचललं, हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही. मी सही मागायच्या आधीच आप्पांनी माझ्याकडून कार्ड घेतलं, मांडीवर ठेवून सही केली, काकींच्या हातातला पेला घेतला आणि सगळे पाणी प्यायला आत गेले. त्याच पेल्यानं, एकामागून एक. गोड हाय, गोड हाय, असं बाहेर ऐकू येत होतं. काकींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्याही आत गेल्या. त्या बघण्यात राग नव्हता. मला वाटतं, त्यांना माझ्यासाठी वाईट वाटलं, आणि ते मला आप्पांच्या ओंजळीपेक्षा जास्त लागलं.

शेठ खूश झाला. नोकरी राहिली. मी इनामगावला घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. खिडकीची गोष्ट मी तिला हसत हसत सांगितलेली होती, ती मात्र हसली नव्हती. आमच्या आईनं तिच्या तरुणपणी दुसऱ्यांच्या दारात उकिडवं बसून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेलं. निम्मं कोपरावरून खाली जायचं, असं ती सांगायची.

"यवतलाच गेला हुतास न्हवं?" तिनं विचारलं. "आज तरी आत घेतलं का रं तुला?"

ते उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते खरं होतं. आई, आत गेलो, त्यांच्या नावाच्या पेल्यानं प्यालो, माझ्यामागं त्या बाईनं न विसळता त्याच पेल्यानं प्यालं. ती उठून नाचली असती. आणि मग एसटीत सांगितलं असतं, वस्तीत सांगितलं असतं, आठवड्याच्या बाजारात सांगितलं असतं. आपल्या पोराचं कौतुक आहे, का म्हणून नाही सांगणार? ते यवतला पोचायला आठ दिवस पुरले असते. मग आप्पा, मग शेठ, मग तिचं खुरपं.

"न्हाई गं," मी म्हणालो. "बाहेरनंच केलं. खिडकीतनं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "आसू दे," ती म्हणाली. "काम तर झालं न्हवं? हात धू आन् बस जेवाया."

त्यानंतर आई सहा वर्षं होती. मधे मी ते दुकान सोडलं, पुण्यात दुसरं काम धरलं, आप्पांची भीती केव्हाच संपली. आता सांगू, दिवाळीला गेल्यावर सांगू, असं करत राहिलो. खोटं का बोललास असं ती विचारेल आणि मला उत्तर देता येणार नाही, ह्याचीच धास्ती होती. ती गेली, आणि तिच्या लेखी मी त्या घरात कधी गेलोच नाही.